कापसाच्या ढिगापासून काचेच्या दारापर्यंत : मुंबईच्या हॉर्निमन सर्कलची हकीकत

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीला उंची कपड्यांची पेठ नाही, आणि असण्याचे कारणही नाही. लग्नाचा बस्ता बांधायचा झाला तर तिकडचा माणूस शहादा किंवा नंदुरबार गाठतो, फार तर सुरतेला जातो. मग कळसाडीच्या वाचकासमोर आम्ही मुंबईतल्या एका महागड्या पेठेची हकीकत का मांडावी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. ज्या जागेवर आज लाखाची पर्स आणि दोन-चार लाखांचा लेहंगा विकला जातो, त्याच जागेवर एके काळी कापसाचे ढीग पडलेले असत. ज्या कापसाने मुंबईला मुंबई बनविले त्यात आपल्या खानदेशाचा वाटा होता. शिवाय त्या लेहंग्यावरची जरी भरणारा हातही बहुधा आपल्यासारख्याच साध्या घरातला असतो. तेव्हा ही पेठ आपली नाही असे म्हणून चालणार नाही. तिच्यातला पैसा कोठून येतो, कोठे थांबतो आणि आपल्यापर्यंत का पोचत नाही, हे समजून घेतले पाहिजे.

ही पेठ म्हणजे मुंबईच्या फोर्ट भागातील हॉर्निमन सर्कल. चर्चगेट स्थानकावर उतरून वीर नरिमन रोडने सरळ पूर्वेला निघावे, हुतात्मा चौक ओलांडावा, म्हणजे मध्ये गोल बाग आणि भोवती अर्धगोलात उभ्या असलेल्या जुन्या दगडी इमारती दिसतात. तळमजल्याला कमानींचा सलग व्हरांडा. समोर टाऊन हॉलच्या रुंद पायऱ्या. दलाल स्ट्रीट आणि रिझर्व्ह बँक हाकेच्या अंतरावर.

कापसाचे मैदान

दोनशे वर्षांपूर्वी येथे या इमारती नव्हत्या. किल्ल्याच्या आत एक मोकळे मैदान होते, त्याला इंग्रज ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत. गुजरातेतून गलबतांनी आणि घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेला कापूस या मैदानात उतरे. उघड्यावर ढीग, शेजारी गाठी दाबण्याचे काम, आणि भोवती दलालांची गर्दी. आगीचे भय आणि जागेची अडचण यांमुळे १८४४ मध्ये कापसाचा हा बाजार कुलाब्याकडे हलविण्यात आला. पुढे तो शिवडीकडे गेला. आजच्या हार्बर मार्गावरील ‘कॉटन ग्रीन’ स्थानक ही त्याचीच आठवण.

कापूस गेला, पण दलाल राहिले. १८५० च्या दशकात टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली शेअर दलाल जमत. त्यांचीच पुढे १८७५ मध्ये रीतसर संघटना झाली आणि तिला आज आपण मुंबई शेअर बाजार म्हणतो. म्हणजे कापसाचा दलाल आणि शेअरचा दलाल हे दोघेही या एकाच मैदानाच्या सावलीत वाढले.

मैदानाचे सर्कल होण्याची हकीकतही व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. मुंबईचे पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांनी ही ओसाड जागा सुधारण्याची कल्पना मांडली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतर आलेले सर बार्टल फ्रिअर यांनी तिला पाठिंबा दिला. नगरपालिकेने जागा विकत घेतली, तिचे प्लॉट पाडले आणि इंग्रजी पेढ्यांना चांगल्या नफ्याने विकले. सर्व इमारतींचा दर्शनी भाग एकसारखा असावा, असे ठरले. १८७२ मध्ये मधली बाग पुरी झाली. चौकाला ‘एल्फिन्स्टन सर्कल’ असे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर ते बदलून ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन गाय हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. जात्या इंग्रज असूनही हिंदी जनतेची बाजू घेतल्याबद्दल १९१९ मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले होते.

तेजी आणि मंदी

ही बांधकामे ज्या काळात उभी राहिली तो काळ मुंबईच्या सर्वांत मोठ्या तेजीचा होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, सगळीकडून माल मुंबईला धावू लागला. रेल्वेचे रूळ याच दशकात खानदेशात पोचले. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका आणि कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांसारख्या उगवल्या.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. मोठमोठ्या पेढ्या एका रात्रीत बसल्या. पेढीवाल्यांचे नुकसान वर्तमानपत्रांत आले. शेतकऱ्याचे नुकसान मात्र सावकाराच्या वहीत राहिले. चढ्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज उतरत्या भावात फिटेना. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यामागे हे एक कारण होते.

इमारती मात्र उभ्या राहिल्या. तेजीत ज्याने दगड-मातीत आणि नावात पैसा घातला, त्याचे काही तरी उरले. ज्याच्याजवळ केवळ माल होता, त्याला भावाने नेले. या पेठेचा पहिला धडा हाच.

बँका गेल्या, फॅशन आली

पुढची शंभर वर्षे हे सर्कल बँका, विमा कंपन्या आणि जहाज कंपन्यांचे होते. कपड्यांचा खरा व्यापार येथून उत्तरेला, मूळजी जेठा मार्केट, मंगलदास मार्केट आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात चाले व अजूनही चालतो. सर्कलमध्ये कारकून येत आणि संध्याकाळी सहानंतर शुकशुकाट होई.

मग फॅशन येथे कशी आली? आमच्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, मोठ्या कचेऱ्या नरिमन पॉइंटकडे आणि नंतर वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकल्या. दुसरी, २००० साली लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका, परदेशी कंपन्या आणि एक कोटीहून अधिक भांडवलाच्या कंपन्या यांना भाड्याचे जुने संरक्षण उरले नाही. नाममात्र भाड्याने जागा अडवून ठेवणे त्यांना कठीण झाले. तिसरी, केंद्र सरकारने २००६ मध्ये एकाच ब्रँडच्या किरकोळ दुकानात ५१ टक्के परदेशी भांडवलाला परवानगी दिली आणि २०१२ मध्ये ती शंभर टक्क्यांपर्यंत नेली.

त्याआधी परदेशी उंची माल पंचतारांकित हॉटेलांच्या आडोशाने विकला जाई. लुई व्हिटाँने मुंबईतले पहिले दुकान २००४ मध्ये ताजमहाल हॉटेलात उघडले होते. हॉटेलाबाहेर, रस्त्यावर दार उघडण्याचे धाडस २०११ मध्ये हर्मेस या पॅरिसच्या कंपनीने केले आणि त्यासाठी तिने हॉर्निमन सर्कलची एल्फिन्स्टन बिल्डिंग निवडली. त्याच वर्षी तिने हिंदुस्थानी गिऱ्हाइकांसाठी साड्याही विक्रीस आणल्या. २०१२ मध्ये याच इमारतीत स्टारबक्सचे देशातले पहिले कॉफीगृह सुरू झाले. लाल तळव्याच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेला ख्रिश्चन लुबुताँही याच चौकात आला. २०२३ मध्ये कोलकात्याचे सब्यसाची मुखर्जी यांनी येथील जुन्या ब्रिटिश बँकेच्या इमारतीत सुमारे पंचवीस हजार चौरस फुटांचे दुकान थाटले. ज्या दालनात पूर्वी हुंड्या आणि कर्जखाती पाहिली जात तेथे आता नवरीचे कपडे पाहिले जातात.

मात्र या पेठेचे आसन कायमचे आहे असे कोणी समजू नये. २०२३ च्या अखेरीस वांद्रे-कुर्ला संकुलात जिओ वर्ल्ड प्लाझा उघडले आणि परदेशी नावांची मोठी रांग तिकडे लागली. त्याआधी लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर असेच झाले होते. १९०५ मध्ये सुरू झालेली ही कापड गिरणी. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडला, आणि जेथे कापड विणले जाई तेथे आता शिवलेले कपडे विकले जातात. कापूस, गिरणी आणि दुकान या तिघांचा मुंबईत असा फेरा आहे.

दुकानाचा रंगढंग

आपल्याकडील कापड दुकानात शिरले की गादीवर बसवतात, पाणी विचारतात आणि पाच मिनिटांत पन्नास साड्या उलगडून ढीग घालतात. जितका ढीग मोठा तितके दुकान मोठे. हॉर्निमन सर्कलची रीत याच्या उलट आहे. मोठ्या काचेत एकच बाहुली, तिच्या अंगावर एकच पोशाख. किमतीची चिठ्ठी रस्त्यावरून दिसणार नाही अशी. दार उघडायला माणूस. आत माल थोडा आणि जागा भरपूर. घासाघीस नाही, उधारी नाही, ‘सेल’चा फलक नाही. लग्नाच्या कपड्यांसाठी तर आधी वेळ घेऊन जावे लागते.

हा सगळा देखावा फुकटचा नाही. जेथे एका चौरस फुटाला जबर भाडे पडते तेथे मोकळी जागा सोडणे म्हणजे गिऱ्हाइकाला न बोलता सांगणे, की आम्हाला ढीग खपवण्याची घाई नाही. जुनी इमारत, दगडी कमान, उंच छत यांचेही तेच काम. हर्मेसची पेढी १८३७ मध्ये घोड्यांचे लगाम आणि साज बनविण्यासाठी निघाली होती. आज तिच्या पर्सची किंमत कातड्याची नसते, तर त्या पावणेदोनशे वर्षांहून जुन्या नावाची असते.

नावाला काय मोल येते, याचे देशी उदाहरणही आहे. सब्यसाची यांनी आपला व्यवसाय १९९९ मध्ये अगदी लहान प्रमाणावर सुरू केला. २०२१ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या फॅशन कंपनीने त्यातला ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. सुया, कात्र्या आणि ताग्यांना कोणी इतके पैसे देत नाही. ही किंमत नावाची, नमुन्यांची आणि गिऱ्हाइकाच्या विश्वासाची.

या चौकापासून पायी काही मिनिटांवर ‘फॅशन स्ट्रीट’ आहे. तेथे टपऱ्यांवर निर्यातीतून उरलेले शर्ट टांगलेले असतात आणि गिऱ्हाईक निम्म्यापासून भाव सुरू करते. कधी कधी कापड तेच, शिलाईही तीच. फरक फक्त गळ्यामागच्या पट्टीचा.

अड्ड्यावरची सुई

आता त्या काचेतल्या पोशाखाच्या मागे जाऊ. धारावी, कुर्ला, गोवंडी या भागांतल्या माळ्यांवर लाकडी अड्डे लागलेले असतात. अड्डा म्हणजे कापड ताणून बसवण्याची चौकट. तिच्या दोन्ही बाजूंना चार-सहा कारीगर मांडी घालून बसतात. आधी कागदावर नक्षीचा खाका काढतात, रेषांवर सुईने भोके पाडतात आणि त्यावरून पूड फिरवून नक्षी कापडावर उतरवतात. मग आरी आणि सुईने सलमा, सितारे, दबका, मोती भरले जातात. एका जड लेहंग्यावर अनेक कारीगर कित्येक आठवडे खपतात. हे कारीगर बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमधले, आणि त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. बापाने लेकाला, उस्तादाने शागिर्दाला शिकवलेला हा हुन्नर आहे.

हे काम केवळ देशी नवरीसाठी होत नाही. पॅरिस आणि मिलानच्या मोठ्या घराण्यांचे भरतकाम कित्येक वर्षांपासून मुंबईत होत आले आहे. मात्र ते बोलायची रीत नव्हती. निर्यातदाराने गिऱ्हाइकाचे नाव घ्यायचे नाही, आणि पोशाखावर ज्या देशात तो शेवटी शिवून तयार झाला त्याचे नाव लागायचे. सुई मुंबईची, पट्टी परदेशाची.

हा पडदा अलीकडे थोडा सरकला आहे. २०१६ मध्ये केरिंग, एलव्हीएमएच, बर्बरी आदी कंपन्यांनी मुंबईतल्या भरतकाम कारखान्यांची सुरक्षितता आणि कारीगरांची स्थिती सुधारण्यासाठी ‘उत्थान’ नावाचा करार केला. २०२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मुंबईत येऊन पाहणी केली तेव्हा उपठेकेदारांच्या खोल्यांपर्यंत हा करार पोचलेला नाही असे चित्र पुढे आले. ३० मार्च २०२३ रोजी डिऑर या फ्रेंच कंपनीने आपले फॅशन प्रदर्शन थेट गेटवे ऑफ इंडियासमोर भरवले आणि ज्या मुंबईच्या ‘चाणक्य’ कार्यशाळेकडून ती भरतकाम करून घेते तिचे नाव उघडपणे घेतले. कार्यशाळेचे नाव घेतले गेले, ही चांगली गोष्ट. पण अड्ड्यावर बसलेल्याचे नाव अजून कोणी घेत नाही.

कोल्हापुरी चपलेने काय शिकवले

नाव असले म्हणजे काय होते, याचा ताजा दाखला चपलेचा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने थेट कोल्हापुरी घडणीच्या चपला दाखवल्या आणि त्यांना केवळ ‘चामड्याच्या सँडल’ म्हटले. इकडे गदारोळ झाला. कोल्हापूरच्या कारीगरांकडे दाखवायला कागद होता, म्हणून त्यांचे म्हणणे ऐकले गेले. कंपनीने मूळ कोल्हापूरचे असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्र व कर्नाटक सरकारांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड येथल्या कारीगरांकडून करवून घ्यायचे आणि एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे आपले ऐंशी हजारांवर रुपये, ठेवायची असे ठरले.

या ऐंशी हजारांतले कारीगराच्या हातात किती पडतील, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण एवढे तरी झाले ते नाव नोंदलेले होते म्हणून. मुंबईच्या जरदोजाची स्थिती याहून कठीण आहे. ‘लखनौ जरदोजी’ला २०१३ मध्ये निर्देशांक मिळाला, परंतु तो लखनौ आणि आसपासच्या जिल्ह्यांचा. कारीगर तिकडचा असला तरी त्याने गोवंडीत भरलेल्या कापडाला ते नाव लावता येत नाही. हुन्नर माणसाबरोबर मुंबईला आला, नाव गावीच राहिले.

एका सदऱ्याचा हिशेब

आता पुन्हा शेताकडे येऊ. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. पिंजण्यात आणि कातण्यात काही जाते व सुमारे २८ किलो सूत हाती येते. एका सदऱ्याला पाव किलो सूत धरले आणि कापताना जाणारे चिंधीचे कापड वजा केले, तरी क्विंटलभर कापसात शंभर सदरे होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. म्हणजे एका सदऱ्यात शेतकऱ्याचा वाटा जेमतेम ऐंशी रुपये, आणि सरकीची किंमत वजा केली तर त्याहून कमी. सदरा टपरीवर तीनशेला विकला जावो की काचेच्या दुकानात तीस हजारांना, हे ऐंशी रुपये तेवढेच राहतात.

यात कोणी चोरी केली असे आमचे म्हणणे नाही. दुकानदाराला भाडे आहे, जोखीम आहे, न खपलेला माल आहे. पण वाढीव किंमत कोठे तयार होते हे या हिशेबाने स्पष्ट दिसते. ती शेतात होत नाही आणि अड्ड्यावरही होत नाही. ती नावात होते. १८४४ पूर्वी या मैदानात कापूस टाकून परत फिरणारा गाडीवान आणि आज लेहंगा पोचवून परत फिरणारा कारीगर, दोघेही बिननावाचे.

आपण काय करावे

केवळ हळहळून उपयोग नाही. आमच्या व्यापारी, कारीगर आणि शेतकरी वाचकांना काही गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, नोंदणी. लहान कारखानदाराने ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. तिला पैसे पडत नाहीत. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते केले पाहिजेत, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. शिवाय २०२४ पासून अशी थकलेली रक्कम घेणाऱ्याला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, म्हणून मोठे व्यापारीही आता नोंदणी विचारू लागले आहेत.

दुसरी, कागद. काम तोंडी घेऊ नये. नमुना कोणाचा, मजुरी किती, दुरुस्तीचे पैसे कोणाकडे, हे एका चिठ्ठीवर तरी लिहून सही घ्यावी. आपण काढलेल्या खाक्यांची तारीख घालून वही ठेवावी. कारीगराने हस्तकला खात्याचे ओळखपत्र काढावे. ज्याच्या भागाला भौगोलिक निर्देशांक आहे त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे.

तिसरी, एकी. एकट्या जरदोजाला पट्टी लावता येणार नाही, पण वीस अड्ड्यांनी मिळून सहकारी संस्था केली तर एक नाव उभे राहू शकते. खानदेशातल्या शेतकऱ्यांनी सहकारी जिनिंग आणि सूतगिरण्या उभारल्या तेव्हा रुईवर आणि सुतावर थांबले. पुढची पायरी कापडाची आणि त्यावरच्या नावाची होती. ती चढायची राहून गेली.

हॉर्निमन सर्कलच्या बागेत दुपारी बाकावर बसायला कोणाला पैसे पडत नाहीत. कळसाडीचा कोणी वाचक कामानिमित्त मुंबईला गेला तर त्याने तेथे घटकाभर जरूर बसावे. समोरच्या काचेकडे पाहताना बिचकून जाण्याचे कारण नाही. ही जमीन कधी कापसाने पांढरी झालेली होती, आणि त्या काचेमागचा धागा कोणाच्या तरी शेतातून व टाका कोणाच्या तरी हातातून आलेला आहे. परत येताना मनात एकच प्रश्न ठेवावा : आपण जे पिकवतो किंवा बनवतो, त्यावर आपले नाव कोठे आहे?